रंगाखालचा जोड

गाडी बघायला आलेला मुलगा बावीस वर्षांचा होता. त्यानं सरळ गॅरेजच्या फरशीला पाठ टेकली, फोनचा टॉर्च लावला आणि मागच्या चासीखाली सरकला. दोन मिनिटांनी बाहेर येऊन त्यानं विचारलं, "हे सगळं तू घरी केलंस?"

मी हो म्हणालो.

"मग ही फोर्डची गाडी म्हणायची की तुझी?"

तो गमतीनं बोलला होता. मीही हसलो. पण तो प्रश्न पुढं कित्येक आठवडे माझ्या मागं लागून राहिला.

आधी गाडीबद्दल सांगतो. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, मोहावी वाळवंटाच्या तोंडाशी. दिवसा गोदामांतल्या कन्व्हेयर बेल्टची ड्रॉइंग करतो. आमच्या भागात गल्लीतल्या एखाद्या तरी गॅरेजमध्ये अर्धवट कापलेला पिकअप उभा असतोच. या वेडाचं एक मूळ मेक्सिकोतल्या शर्यतीत आहे. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावर १९६७ साली एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. आज ती 'बाहा १०००' म्हणून ओळखली जाते. शर्यतीच्या आधी तो वाळवंटी रस्ता बघून यायला स्पर्धक दुसरी, जरा साधी गाडी वापरतात. तिला प्रीरनर म्हणतात. पुढं शर्यतीत कधीच न उतरणाऱ्या माझ्यासारख्या लोकांनीही तशा गाड्या बनवायला सुरुवात केली.

माझ्याकडे १९९७ चा फोर्ड रेंजर होता. साधा कामाचा पिकअप. पुढं केबिन, मागं हौदा, हौद्याखाली पाट्यांना बांधलेला एक्सल. सामान वाहायला उत्तम. पण वाळवंटात लाटांसारखे उंचवटे एकामागोमाग येतात. तिथं वेगानं जायचं तर मागचं चाक फूट-दीड फूट वर-खाली व्हायला हवं. कारखान्यातून आलेल्या चासीत तेवढी जागा नसते. एक्सल वर येतो आणि चासीवर आदळतो. यात चासीचा दोष नाही, ती या कामासाठी बनवलेलीच नाही.

म्हणून लोक केबिनच्या मागून चासी कापतात. हो, अख्खी. तिथून मागं चौकोनी पाइपची नवी चासी जोडतात, एक्सलवरून उंच कमान घेऊन जाणारी. मग हौद्याच्या आत गोल पाइपांचा पिंजरा उभा करतात. लांब शॉकॲब्सॉर्बरची वरची टोकं या पिंजऱ्याला बसवलेली असतात. गाडी उडून खाली आली की धक्का चाकातून शॉकमध्ये, शॉकमधून पिंजऱ्यात आणि पिंजऱ्यातून चासीत उतरतो. हौद्याचा पत्रा या साखळीत कुठंच नसतो. तो फक्त दिसायला. खरा भार जोडांवर.

मला या कामाला सात महिने लागले. चासी कापण्याआधीच चार दिवस मापं घेण्यात गेले. गाडी लेव्हलमध्ये उभी करायची, कर्णाची मापं दोन्हीकडून जुळवायची, कापल्यावर काही हलू नये म्हणून तात्पुरते आडवे पाइप जोडायचे. पिंजऱ्याला पावणेदोन इंच व्यासाचा, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा पाइप वापरला. एक पाइप दुसऱ्याला मिळतो तिथं त्याच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पाडावी लागते. खाच नीट बसली नाही तर फट राहते, आणि फट वेल्डनं भरायचा मोह होतो. आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे. मग एक जोड डावीकडचा, एक उजवीकडचा असं आलटून पालटून भरायचं, कारण वेल्ड थंड होताना लोखंड आपल्याकडे ओढतो आणि चासी वाकडी होते.

नवी आणि जुनी चासी मिळते ती जागा सगळ्यात नाजूक. तिथं सरळ उभा काप घेत नाहीत. सरळ जोडाला भेग पडली तर ती एका रेषेत धावत जाते. म्हणून तिरका काप घ्यायचा, आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी दोन्ही बाजूंना जोडायची. भार एका रेषेवर न येता पसरतो.

डावीकडची ती पट्टी मी नोव्हेंबरातल्या एका रात्री जोडली. साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. त्या दिवसांत इथं सांता आना वारे सुटतात, वाळवंटाकडून समुद्राकडे, कोरडे आणि जोरदार. धूर कोंडतो म्हणून मी गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवलं होतं. वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवायला वायूचं आवरण लागतं. वाऱ्यानं ते उडवलं. वेल्डवर बारीक भोकं दिसली, बेसनाच्या पोळ्यावर दिसतात तशी.

योग्य काय होतं हे मला ठाऊक होतं. सगळं खरवडून, मूळ लोखंडापर्यंत जाऊन, वारा थांबल्यावर पुन्हा भरायचं. मी वरवर ग्राइंडर फिरवला, त्यावरून अजून एक थर मारला, आणि तो थरही घासून आरशासारखा गुळगुळीत केला. नंतर लाल द्रवाची चाचणीसुद्धा केली. ते द्रव भेगेत शिरतं आणि पावडर मारली की बाहेर दिसतं. काही दिसलं नाही. पण ही चाचणी पृष्ठभागापर्यंत आलेला दोषच दाखवते. आत पुरलेली भोकं तिला कळत नाहीत. हेही मला ठाऊक होतं. मी प्राइमर मारला, मग काळा रंग.

माझे एक शेजारी निवृत्त वेल्डर आहेत, आयुष्य जहाजांच्या गोदीत गेलेलं. काम संपल्यावर ते बघायला आले. पिंजऱ्यावरच्या जोडांवरून त्यांनी बोट फिरवलं. तिथल्या लाटा मी घासल्या नव्हत्या. "इथं हात घाईत होता," म्हणाले. "इथं थांबलास. हा चांगला आहे." मग त्या पट्टीपाशी आले आणि काहीच बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "घासलेला जोड वाचता येत नाही."

वर्षभर गाडी वाळवंटात फिरवली. काही झालं नाही. मग मी ती विकायला काढली.

तो मुलगा दुसऱ्यांदा आला तेव्हा पैशांचं बोलायला आला होता. बोलता बोलता म्हणाला की धाकट्या भावाला घेऊन जाणार आहे, तेरा वर्षांचा आहे, त्याला वाळवंटाचं वेड लागलंय. मी त्याला त्या रात्रीचं सांगून टाकलं. वाटलं, सांगितलं की आपण सुटलो.

त्यानं पुन्हा खाली वाकून पाहिलं. "दिसतंय तर एकदम पक्कं," म्हणाला. "पाचशे डॉलर कमी कर, घेतो."

इथं मी अडकलो. खोटं बोललो नव्हतो. समोरचा सज्ञान होता, सगळं ऐकून राजी होता. इथं जुनी गाडी 'आहे तशी' या बोलीवर विकतात, कागदावरही मी मोकळा होतो. मग अडलं कुठं?

अडलं हे की जो राजी होता तो एकटाच त्या गाडीत बसणार नव्हता. धाकट्या भावाला कुणी विचारलं नव्हतं. आणि वाळवंटात भावापलीकडेही माणसं असतात. १४ ऑगस्ट २०१० रोजी इथल्याच जॉन्सन व्हॅलीत, एका शर्यतीत, उंचवट्यावरून उडालेला पिकअप उलटून गर्दीत घुसला आणि आठ प्रेक्षक मेले. ते वेल्ड तुटल्यानं झालं नव्हतं. पण तिथं उभ्या असलेल्या माणसांचा त्या गाडीशी कसलाही व्यवहार झालेला नव्हता, हे मला विसरता येत नाही. सौदा दोघांत होतो. त्यातला धोका तिसऱ्याच्या अंगावर जातो, आणि तिसऱ्याला पाचशे डॉलरची सूट मिळत नाही.

मी त्याला म्हटलं, जोड पुन्हा केल्याशिवाय विकणार नाही. तो वैतागून गेला.

त्या रात्री त्याचा पहिला प्रश्न परत आठवला. फोर्डची की तुझी? असा प्रश्न ग्रीकांनी एका जहाजाबद्दल विचारला होता. थेसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? आपल्याकडे तो रथाबद्दल विचारला गेला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद नावाचा राजा, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे दांडी का? आस का? चाकं का? त्या यादीत एक शब्द आहे: रथपंजर. रथाचा सांगाडा, पिंजरा. तो वाचून मी थबकलो. माझ्या हौद्यातल्या पिंजऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा भाऊबंद निघाला. राजाला कबूल करावं लागतं की यातलं एकही एकटं रथ नाही. हे सगळे भाग मिळून आपण ज्याला नाव देतो, तो रथ.

म्हणजे माझ्या गाडीच्या कागदांवरचं 'फोर्ड रेंजर' हेही एक नावच. आपल्या वयाच्या पुष्कळांना इथं थांबायला आवडतं. सगळी नावंच आहेत, 'मी' हेही नावच. मला तर यात पळवाटही दिसली. नोव्हेंबरातला तो दमलेला, कच्च्या हाताचा माणूस वेगळा होता. आज माझा हात बसलाय. त्याच्या वेल्डचा जाब मी का द्यायचा?

पण त्याच ग्रंथात पुढं आंबेचोराचा दृष्टान्त येतो. चोर म्हणतो, यानं लावलेले आंबे निराळे, मी नेलेले निराळे. मग मी याचं काय चोरलं? नागसेन राजाला विचारतो, हा दोषी की नाही? राजा म्हणतो, दोषीच. कारण नेलेले आंबे त्या लावलेल्या आंब्यापासूनच आले. वस्तू 'तीच' राहिली नाही म्हणून धागा तुटत नाही. मला वाटतं, रथाचा दृष्टान्त वाचणाऱ्यानं आंब्याचाही वाचावा. नावं कच्ची असतील, पण एकातून दुसरं येतं ही गोष्ट कच्ची नाही. आजच्या गाडीतला धोका त्या रात्रीच्या माझ्यातून आलेला होता.

शनिवारी शटर बंद केलं, बाजूचा पंखा लावला आणि रंग खरवडायला घेतला. पहिल्या थरात काही नाही. दुसऱ्या थरातही नाही. मग भोकं दिसायला लागली, मोहरीहून बारीक, दोन इंचांच्या पट्टीत एकाशेजारी एक.

तो जोड तुटला असता का? सांगता येत नाही. वर्षभर तर टिकला होता. थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ साली 'नैतिक नशिबा'चा प्रश्न मांडला. दोन माणसं सारखाच निष्काळजीपणा करतात, एकाच्या वाटेत मूल येतं आणि दुसऱ्याच्या येत नाही, तर दोघांना आपण सारखंच दोषी धरतो का? धरत नाही. मला मात्र भोकं बघताना वाटलं, माझी चूक वाटेत कोण येतं यावर अवलंबून नव्हती, ती आधीच पुरी झालेली होती. वाईट वेल्ड कुणाच्याही हातून होतो, वारा कुणालाही गाठतो. पण तो घासून गुळगुळीत करताना मी जागा होतो. पुढच्या माणसाला बघून काही कळू नये, अशी सोय मी जाणूनबुजून केली होती. मुलगा दोनदा टॉर्च मारून बघून गेला आणि त्याला 'पक्कं' दिसलं, कारण मी त्याला तेच दिसेल असं ठेवलं होतं.

कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या मामांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवतात. लहानपणी सुट्टीत मी तिथं पडीक असायचो. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर, ट्रॅक्टरला जोडतात तिथं, मामा पंचनं ठिपके ठोकायचे. कुठला जोड कुठल्या कारागिराचा, ते ठिपक्यांवरून कळायचं. बॉयलरच्या कामातही वेल्डरनं जोडाशेजारी आपला क्रमांक ठोकायची पद्धत आहे. मला तेव्हा ती जाहिरात वाटायची.

सगळं खरवडून मी जोड पुन्हा भरला. वेल्डच्या लाटा तशाच ठेवल्या, वरून पातळ प्राइमर तेवढा मारला. फोटो काढले: भोकांचे, खरवडलेल्या खाचेचे, नव्या जोडाचे. मुलाला पाठवले. त्याचं उत्तर आलं की त्यानं दुसरी गाडी घेतली. तिचे जोड कुणी केले असतील, याचा विचार मनात आला.

मामांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मिलिंद राजाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "खूण मारलीस काय रे?"

नव्हती मारली. फोन ठेवला, गॅरेजमध्ये गेलो आणि पंच शोधला.