जुन्या डिस्कमधली परकी माहिती

जुना संगणक किंवा मोबाइल विकत घेणाऱ्याच्या हाती यंत्राबरोबर कधी कधी आधीच्या मालकाचे फोटो, पत्रे, बँकेचे हिशेबही येतात. यंत्राचे पैसे मोजले म्हणून ही माहिती आपली झाली का, हा प्रश्न कायद्याच्या आधी धर्मविचाराचा आहे.

असे प्रसंग विरळा नाहीत. अमेरिकेतील एमआयटीचे सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क मिळवल्या. त्यांतल्या १२९ वाचता आल्या. नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. पुसण्याचा प्रयत्न अनेकांनी केला होता. पण फाइल डिलीट केली की संगणक सहसा फक्त तिची नोंद काढतो; मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणजे विकणाऱ्याने माहिती देऊन टाकलेली नसते, ती गेली असे तो समजून असतो.

चोरी म्हणजे दुसऱ्याचे धन कमी करणे असे मानले, तर परके फोटो पाहण्यात चोरी नाही, कारण पाहिल्याने मालकाचे काहीच उणे होत नाही. जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तली चोरीची व्याख्या याहून खोल जाते. मालकाचे काय गेले याचा हिशेब ती मांडत नाही. जे दिलेले नाही ते घेणे, एवढ्यावरच ती दोष ठरवते. ही कसोटी लावली तर कुतूहलापोटी फोल्डर उघडणेही निर्दोष राहत नाही, आणि हाच निवाडा योग्य आहे.

ज्यू परंपरेत माइन्झचे रब्बी गेर्शोम (सुमारे ९६०–१०४०) यांच्या नावावर असा दंडक सांगितला जातो की, दुसऱ्याचे पत्र परवानगीवाचून वाचणाऱ्यावर बहिष्कार पडावा. टाकून दिलेले पत्र मात्र त्यातून वगळले आहे. विकलेली डिस्क या सवलतीत बसत नाही. पत्र टाकणाऱ्याला आपण काय टाकतो ते ठाऊक असते; डिस्क विकणाऱ्याला ते दिसतच नाही.

सापडलेले पाकीट परत करता येते. माहितीचा मालक शोधायचा तर तीच चाळावी लागते, ही खरी अडचण. म्हणून ज्याच्याकडून यंत्र घेतले त्या दुकानदारामार्फत निरोप धाडावा. गेलेल्या माणसाच्या फोटोंची ती एकुलती एक प्रत असू शकते, त्यामुळे उत्तराची काही काळ वाट पाहणे हेही कर्तव्यच. उत्तर आले नाही, तर काही न उघडता डिस्क पूर्ण पुसावी. करमणूक म्हणून ती माहिती ठेवून घेणे किंवा चारचौघांत दाखवणे याला कोणत्याही विचारात आधार नाही.

पुसणे चुकीचे ठरते ते एका ठिकाणी. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण नजरेस पडले तर ते पुसू नये, कोणाला पाठवूही नये; यंत्र बंद करून पोलिसांना कळवावे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे समजलेल्या व्यक्तीने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि प्रौढ व्यक्तीने तसे न केल्यास तिला शिक्षा होऊ शकते.