लेकराची शाळा आणि देवाचा दिवस



आपल्या विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांतील शाळांहून उशिरा, म्हणजे जून महिना सरत आला असता उघडतात. शाळा उघडली की, अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून एक प्रश्न आम्हांस दरवर्षी विचारण्यात येतो. तो असा की, धर्माच्या कारणासाठी मुलांस शाळेतून घरी ठेवावे किंवा कसे? कोणी नाताळाच्या आठवड्याविषयी पुसतात, कोणी तीन दिवसांच्या मेळाव्याविषयी, तर कोणी रविवारी येणाऱ्या परीक्षेविषयी. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटी दुसरा एक मोठा प्रश्न आहे. आईबाप देवाला जे अर्पण करितात, ते खरोखर त्यांचे स्वतःचे असते काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही अडचण केवळ ख्रिस्ती घरांची नव्हे; ती सगळ्या वऱ्हाडाची आहे. चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमची यात्रा डिसेंबरच्या २० तारखेस सुरू होते व महिनाभर चालते. कित्येक कुटुंबे तेथे राहुट्या ठोकून मुक्काम करितात. मग ज्या घराला कुलूप, त्या घरचे मूल शाळेत कोठून येणार? मेळघाटात, चिखलदरा व धारणी या तालुक्यांत, होळी हा कोरकू लोकांचा सर्वांत मोठा सण होय. मजुरीसाठी परगावी गेलेली माणसेही त्या सणाला घरी परततात. अशा वेळी आश्रमशाळेतल्या लेकराचे मन पुस्तकात कसे राहावे? २०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीस सुरू होऊन १७ मार्चास संपली, आणि होळी आली १३ मार्चास. पुष्कळ उर्दू शाळांत शुक्रवारी नमाजासाठी शाळा लवकर सोडण्याची वहिवाट आहे. तेव्हा या बाबतीत शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी देव आहे आणि लेकरूही आहे, त्या प्रत्येकापुढे हा पेच कधी ना कधी उभा राहतोच.

आता सरकारचा कायदा काय म्हणतो ते पाहू. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाकाठी निदान २०० दिवस, व सहावी ते आठवीसाठी निदान २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. हे दोनशे दिवस पुष्कळ वाटतात. परंतु नाताळात पाच दिवस, मेळाव्यात तीन दिवस व पाहुण्यांच्या घरच्या उपकारस्तुतीसाठी दोन दिवस असे दहा दिवस गेले की, वर्षाचा विसावा भाग गेला. इंग्लंडात १८७० साली प्राथमिक शाळांचा कायदा झाला, तेव्हाच त्यात असे कलम घातले गेले की, आईबाप ज्या पंथाचे असतील त्या पंथाने उपासनेसाठी खास वेगळा ठेवलेला जो दिवस, त्या दिवशी मुलाला शाळेत येण्याची सक्ती करू नये. तेथील १९९६ च्या कायद्यातही तोच आशय राखला आहे. त्यातले एक मर्म आम्हांस फार उपयोगाचे वाटते. ते हे की, सूट आहे ती पंथाने खास वेगळ्या ठेवलेल्या दिवसाला, आईबापांच्या मर्जीला नव्हे.

या प्रश्नावर आमच्या मंडळ्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, शाळा ही पोटासाठी आणि उपासना ही आत्म्यासाठी. तेव्हा या दोहोंत वाद पडला तर शाळेने मागे सरावे. दुसरा पक्ष म्हणतो, देव अंतःकरण पाहतो; प्रार्थना घरी रात्रीही होते; तेव्हा मुलाचा एकही दिवस बुडवू नये. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे पहिल्या पक्षाचे होतो. तो आम्ही का सोडला, हे सांगण्यास आम्हांस लाज वाटते. परंतु सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पाचवीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा फेब्रुवारीतल्या रविवारी येत असे. २०२४ साली ती १८ फेब्रुवारीस व २०२५ साली ९ फेब्रुवारीस झाली. हे दोन्ही दिवस रविवारच होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका परीक्षेच्या आधी एक मजूर बाई प्रार्थनेनंतर आमच्यापाशी थांबली व म्हणाली, "पाळकसाहेब, इतवारी पोरीची परीक्षा हाये जी. पाठवू का नको?" आम्ही फारसा विचार न करिता उत्तर दिले, "बाई, प्रभूचा दिवस प्रभूला द्या. तो तुमच्या मुलीला काही कमी पडू देणार नाही." बाईने मान हलविली. रविवारी ती मुलगी धुतलेला झगा घालून पहिल्या रांगेत बसली होती. आम्ही त्या दिवशी अर्पणाविषयीच उपदेश केला. उपदेश चालू असता ती एकसारखी दाराकडे पाहत होती, कारण तालुक्याची गाडी त्या रस्त्याने जाते.

दुसऱ्या दिवशी तिचे गुरुजी आमच्या घरी आले. ते आमच्या धर्माचे नव्हेत. ते भांडावयास आले नव्हते. त्यांनी मुलीचे प्रवेशपत्र आमच्यापुढे ठेविले आणि एवढेच म्हटले, "पाच महिने शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून शिकवीत होतो. एकदा मला विचारले असते तर बरे झाले असते." पाचवीची ती परीक्षा मुलाला पुन्हा देता येत नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हांस कळले. देव कमी पडू देणार नाही, असे वचन आम्ही देवाच्या नावाने दिले होते. परंतु परीक्षा कोणती, ती किती वेळा येते, एवढे विचारण्याचीही तसदी आम्ही घेतली नव्हती.

त्या रात्री आम्ही मार्काच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय उघडला. त्यात अशा लोकांची गोष्ट आहे की, जे आईबापांना द्यावयाचे, ते देवाला अर्पण झाले आहे असे म्हणून आईबापांना रिकाम्या हाताने लावीत. आणि प्रभूने त्यांचा कडक निषेध केला. ही गोष्ट आम्ही अनेकदा शिकविली होती. परंतु ती उलट्या बाजूनेही खरी आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तेथे मुले देवाच्या नावाने आईबापांचा वाटा काढून घेत होती. येथे आईने व आम्ही देवाच्या नावाने लेकराचा वाटा काढून घेतला. त्या रविवारी जे अर्पण झाले, ते आमच्या पदरचे नव्हते. आम्हांस त्यात एक पैही पडली नाही. पाच महिन्यांची मेहनत होती ती मुलीची व गुरुजींची. आणि त्या दोघांपैकी कोणालाही आम्ही विचारले नव्हते. दुसऱ्याच्या कणगीतले धान्य काढून दानशूर म्हणविणे, यात पुण्य कसले?

यावरून कोणी असे समजू नये की, आम्ही आता दुसऱ्या पक्षास जाऊन मिळालो. ज्या घरात सणासाठी कधी एक दिवसही काम थांबत नाही, त्या घरचे मूल असे शिकते की, लाभाहून मोठे जगात काही नाही. हे शिक्षण फार घातक आहे. नाताळ व उत्तम शुक्रवार हे दोन्ही दिवस महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांत आहेत. तरी उत्तम शुक्रवारी आम्ही पाहतो की, शहराजवळच्या मंडळ्यांतील कित्येक मुले शिकवणीच्या वर्गास गेलेली असतात. जी सुट्टी सरकारने आपण होऊन दिली, ती उपासनेस द्यावयाची नाही, आणि जी दिली नाही, ती धर्माच्या नावाने घ्यावयाची, हा कोणता न्याय? आणि घेतलेली सुट्टी तरी कोठे जाते? डिसेंबरात कापूस वेचणीला माणूस मिळत नाही. मग नाताळाचे नाव सांगून ठेवलेले पोर दुसऱ्या दिवशी पाठीला ओटी बांधून शेतात दिसते. गरिबीची अडचण आम्ही जाणतो, आणि तिला दोष देत नाही. परंतु अडचणीला अडचण म्हणावे. तिला देवाचे नाव देऊ नये.

म्हणून आम्ही आपल्या आईबापांस व आपल्या सोबतीच्या पाळकांस चार गोष्टी सुचवितो.

पहिली ही की, मंडळीने खास वेगळा ठेवलेला जो दिवस असेल, त्यासाठीच मुलाला घरी ठेवावे, आणि ठेविले तर त्याला उपासनेत आपल्या शेजारी बसवावे. ज्या दिवशी बाप स्वतः मंडळीत येत नाही, त्या दिवशी मुलाची सुट्टी धर्माची नव्हे.

दुसरी ही की, गुरुजींस आगाऊ खरे कारण लिहून कळवावे. ताप आला होता असे खोटे सांगण्यास मुलाला शिकविले, तर देवासाठी घेतलेल्या दिवसाची सुरुवातच लबाडीने झाली. चुकलेला धडा कोणापासून लिहून घ्यावयाचा, तेही त्याच वेळी विचारावे.

तिसरी ही की, मूल समजण्याजोगे असेल तर त्याला विचारावे. दहा वर्षांच्या लेकराला आपल्या परीक्षेची किंमत कळते, आणि प्रार्थनेचीही कळते. त्याने मनापासून दिलेला एक दिवस आपण ओढून घेतलेल्या दहांहून मोलाचा आहे.

चौथी गोष्ट आम्हां पाळकांसाठी आहे. मेळावे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घ्यावेत. उपास-प्रार्थना सायंकाळी ठेवाव्यात. परीक्षा रविवारी आली तर त्या दिवशी सकाळी लवकर उपासना करावी, परीक्षेस बसणाऱ्या मुलांस पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्यांस गाडीवर पोचवावे. शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेले मेंढरू जो वर काढू देतो, तो प्रभू लेकराला परीक्षेस पाठविणाऱ्यावर रागावेल, असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक प्रकार आहे. दसऱ्याच्या आधी पुष्कळ शाळांत सरस्वतीपूजन होते. त्यात हात जोडावे लागतील या भयाने कित्येक ख्रिस्ती घरी त्या दिवशी मूल लपवून ठेवितात. हे मात्र गरजेचे नाही. भारताच्या संविधानाच्या २८ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत होणाऱ्या उपासनेस हजर राहण्याची सक्ती मुलाच्या पालकाच्या संमतीवाचून करिता येत नाही. या बाबतीत केरळातील तीन भावंडांचे उदाहरण बोध घेण्याजोगे आहे. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे राष्ट्रगीत गाणे त्यांस योग्य वाटत नव्हते. परंतु ती रोज शाळेत येत, आणि गीत चालू असता आदराने उभी राहत. १९८५ साली त्यांस शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या पंथाचे मत आम्हांस मान्य नाही. तरी त्यांनी आपला विवेक घरी दडून राखला नाही. शाळेत सर्वांसमोर, कोणाचा अवमान न करिता राखिला, हे आम्ही विसरू नये. आपल्या मुलालाही तसेच पाठवावे, आणि आदल्या दिवशी आपण जाऊन गुरुजींशी नम्रपणे बोलावे.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाचे स्मरण करितो. गाडगेबाबा १८७६ साली शेंडगाव येथे जन्मले व २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वारले. त्यांस स्वतःला अक्षरओळख नव्हती. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे. ते यात्रेस जात; परंतु दिवसा हाती झाडू घेऊन यात्रेचे आवार झाडीत, आणि रात्री कीर्तनात लोकांस विचारीत की, सणासाठी कर्ज का काढता आणि पोराला शाळेत का घालीत नाही? सण आणि शाळा यांचे वैर त्यांनी मानिले नाही. त्यांनी यात्रेचीच शाळा केली.

आमच्या शास्त्रातही असेच एक चित्र आहे. येशू बारा वर्षांचा असता आईबापांनी त्याला सणासाठी यरुशलेमास नेले. तेथे तो हरवला, आणि तीन दिवसांनी सापडला तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत व प्रश्न विचारीत असताना. आम्ही ज्या सणासाठी लेकरू घरी ठेवितो, त्या सणात त्याला प्रश्न विचारावयास जागा असते काय? ती नसेल, तर त्या दिवशी त्याला शाळेतच पाठवावे, हे बरे.

ती मुलगी आता मोठ्या वर्गात आहे. तिने आम्हांस कधी बोल लाविला नाही. गतवर्षी परीक्षेच्या रविवारी आम्ही पहाटे घंटा वाजविली, तेव्हा धाकट्या मुलांस उठवून घेऊन येणारी तीच होती.