सावकाराला दिलेला शब्द



२०२२ सालच्या पावसाळ्यात एके संध्याकाळी एक पालक माझ्याकडे आले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ते कंत्राटी कामगार. आदल्या वर्षी २२ जुलैच्या महापुरात घरातले धान्य, कपडे, मुलांची पुस्तके, सारे चिखलात गेले होते. तेव्हा त्यांनी एका खासगी सावकाराकडून वीस हजार रुपये उचलले. व्याज दरमहा शेकडा दहा. कोऱ्या कागदावर सही दिली आणि बँकेचे कार्डही सावकाराच्याच हवाली केले. पगाराच्या दिवशी सावकार दोन हजार कापून घेई आणि उरलेले यांच्या हातावर ठेवी. बारा महिने झाले, मुद्दल जिथल्या तिथे.

मी म्हणालो, "दादा, तक्रार करा." ते म्हणाले, "गुरुजी, आपण आता बुद्धाची माणसे. चौथे शील घेतले आहे. त्याला शब्द दिलाय, तो मोडू कसा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या मनात तो आहे. म्हणून आपण तो नीट तपासून पाहू.

प्रथम हिशेब पाहा. आपल्या राज्यात २०१४ पासून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही मनास येईल ते व्याज घेता येत नाही. शासनाने ठरवलेला दर बिनतारण कर्जावर शेतकऱ्याला वर्षाला शेकडा १२ आणि इतरांना शेकडा १८ असा आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आता वीस हजारांवर शेकडा १८ ने वर्षाचे व्याज होते ३,६०० रुपये. मुद्दल धरून २३,६००. आमच्या या बंधूंनी वर्षात भरले २४,०००. म्हणजे कायद्याच्या दराने ते केव्हाच ऋणमुक्त झाले होते, वर चारशे रुपये जास्त गेले होते. सावकाराच्या वहीत मात्र ते अजून वीस हजारांचे देणेकरी!

आता शीलाकडे वळू. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. घेतलेले कर्ज नाकारणे, "मी घेतलेच नाही" म्हणणे, हा त्या शीलाचा भंग होय. पण चुलीत विस्तव नसताना, पोरे उपाशी असताना सावकाराने जे कबूल करून घेतले, ते पाळले नाही तर असत्य कसे होते? पंचशीलात दुसरेही शील आहे. न दिलेले घेऊ नये. अडलेल्याच्या हातातून काढून घेतलेले धन स्वखुशीने दिलेले असते काय? तेव्हा शील मोडले असेल, तर ते आधी सावकाराने मोडले आहे.

"पण वडिलांपासून असेच चालत आले," असे कोणी म्हणेल. खोतीही अशीच चालत आली होती. खोताचा वाटा, वेठ, सारे रीतीने "देणे" मानले जाई. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, तेव्हा ते रीतीचे पावित्र्य मानीत बसले नाहीत. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली. महाड-पोलादपूरची आपली माणसे गिरणीत गेली, तर तिथेही पगाराच्या दिवशी फाटकावर सावकार उभाच. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने नोंदवले आहे की कामगारांना रुपयाला महिना एक आणा व्याज सर्रास पडे. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. आजचा शेकडा दहा महिन्याचा, म्हणजे वर्षाला १२०! आज फाटकाची जागा मोबाईलनेही घेतली आहे. त्यावरून मिनिटात कर्ज मिळते आणि हप्ता चुकताच नातेवाइकांना फोन जातात.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख, ऋण नसल्याचे सुख आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, अशी दुःखाची साखळीही त्यांनी दाखवली. म्हणून मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. मुद्दल द्यावे, रास्त व्याज द्यावे, त्यावरचा एक पैसाही देण्याचे बंधन शील घालत नाही.

मात्र ही बाजू सांगून मी थांबलो तर अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. कायद्याचा आधार घेऊन मुद्दलही बुडवणारा धम्माचा नव्हे. आणि आपल्यातलेच काही नोकरदार, माझ्यासारखे पगारदार, भावकीतल्या अडलेल्याला शेकडा पाचाने पैसे देतात, त्यांनी आपले शील तपासावे. लग्नात बँडबाजा आणि जेवणावळीसाठी कर्ज काढणाऱ्यांनीही तपासावे. वस्तीत बचत गट असेल तर त्यात भगिनींनी दरमहा थोडे टाकावे. अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो.

ज्यांच्या गळ्यात फास आहेच, त्यांनी कोऱ्या कागदावर सही देऊ नये, कार्ड कोणाच्या हाती देऊ नये, दिलेल्या प्रत्येक रुपयाची वहीत तारखेसह नोंद ठेवावी. आपल्या भागाच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे किंवा अलिबागला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज द्यावा. बिनपरवाना सावकाराला कोर्टातून वसुली करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. धमकी दिली तर पोलीस ठाणे आहे. एकट्याने जाऊ नये, चार माणसे सोबत न्यावीत. लाज बाळगू नये. आपण गप्प राहतो म्हणूनच त्याचा धंदा चालतो.

त्या बंधूंनी माझ्याकडून अर्ज दोनदा वाचून घेतला, आणि मगच सही केली. आपणही तसेच करावे.

जयभीम.