कमळ आणि अळू

वटारच्या माणसाने फुलं बघायला मुंबईला जायचं, म्हणजे तसं उफराटंच. आमच्या वसईकडची फुलं रोज पहाटे लोकलने दादरला जातात. परवा त्यांच्यामागोमाग आम्हीही गेलो. दादरला गाडी बदलून भायखळा, आणि तिथून राणीची बाग. १८६२ साली उघडलेल्या या बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे; पण आमची ही अजून राणीची बागच म्हणते.

पेंग्विनांपुढची रांग बघून मी कमळांकडे वळलो. रांग दिसली की काउंटरच्या आतल्या बाजूला जावंसं वाटणं हा आमचा धंदेवाईक आजार. कमळ सकाळी उमलतं आणि दुपारकडे मिटायला लागतं. साधारण बँकेचीच वेळ! कुमुदिनीच्या काही जाती मात्र रात्रपाळी करतात.

"ही सगळी कमळंच," मी म्हणालो.

"नाही बाबा," अकरावीतली कन्या म्हणाली. "पाण्यावर पसरलेलं, एका बाजूने चिरलेलं पान ते कुमुदिनीचं. कमळाचं पान अखंड, देठावर उंच उभं. आणि दोघं जवळचे नातलगही नाहीत."

मग मी गीतेचा पाचवा अध्याय काढला. फळाची आसक्ती न धरता कर्म करणाऱ्याला तिथे कमळाच्या पानाची उपमा आहे. पाण्यात राहून पान कोरडं. ही उपमा ऐकली की मला माझाच फोटो दिसतो. वीस वर्षं कॅशवर बसतोय. रोज लाखो रुपये हातांवरून गेले, एक नोट चिकटली नाही.

"पानावर मेण असतं," कन्या म्हणाली. "बारीक बारीक उंचवटे आणि त्यांवर मेण. थेंब टेकतच नाही. अळवाच्या पानाचंही तेच."

मी गप्प झालो. खरंच की! गुण तोच, पण कमळाचं पान योगी झालं आणि अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर, भरवशाचं नाही ते. शिवाय अळवाची वडी होते ती वेगळीच.

मग पानाला श्रेय कसलं? आणि मला तरी कसलं? डोक्यावर कॅमेरा, संध्याकाळी टॅली, कमी पडले तर खिशातून भरायचे. हेच माझं मेण. त्याला मी इतकी वर्षं चारित्र्य म्हणत होतो.

आणि नेमकी मार्चमधली एक संध्याकाळ आठवली. शेजारच्या काउंटरवरच्या नव्या पोराचे पाच हजार कमी आले होते. माझं टॅली झालं होतं. मी कुलूप लावलं, "सापडतील रे," म्हटलं आणि बस पकडली. खिडकीशी बसून किती शांत, किती अलिप्त वाटत होतं मला! पैसे सापडले नाहीत. त्याने पगारातून भरले. त्या दिवशी मी कमळ होतो की अळू?

"पण एक आहे," कन्या पुढे सांगत होती. "खालच्या चिखलात कंदाला हवा मिळत नाही. ती हे पानच आत घेतं आणि देठातल्या नळ्यांतून खाली पोचवतं. बाजारातल्या कमळकाकडीला भोकं असतात ना, त्या या हवेच्या वाटा."

म्हणजे पान झटकतं ते पाणी. चिखलातल्या कंदाला ते झटकत नाही. गीतेतसुद्धा आसक्ती सोडायला सांगितली आहे, शेजारी सोडायला नाही. मी सोयीपुरतं कोरडेपण तेवढं उचललं होतं.

सोमवारी माझं टॅली वेळेवर झालं. कुलूप लावून मी त्या पोराकडे गेलो.

"झालं का रे?"

"पाचशे कमी येतायत, काका."

मी खुर्ची ओढली. तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला, आणि ते रास्तच होतं. दोघांनी एकेक बंडल पुन्हा मोजलं. माझी बस गेली, पुढचीही गेली. शेवटी एका बंडलात पाचशेच्या दोन नोटा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या सापडल्या.

घरी पोचायला नऊ वाजले. जेवायला अळूचं फतफतं होतं. मी दोनदा मागून घेतलं.