गीझर बाहेर, माणूस आत

मिरज
चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. वरच्या मजल्यावरच्या तिन्ही खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघरं काढलीस, जूनपासून कॉलेजच्या मुली राहायला येणार, हे वाचून बरं वाटलं. प्रत्येक न्हाणीघरात गॅस गीझर बसवायचा आहे, तर कुठल्या कंपनीचा घेऊ आणि सर्व्हिसिंग कधी करू, असं विचारलंयस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हो काका, हो काका' म्हणतोस आणि नंतर गवंडी सांगेल तेच करतोस. म्हणून लिहून पाठवतोय.

कंपनीचं नंतर बघू. गीझर न्हाणीघरात बसवायचाच नाही, हे आधी पक्कं कर. हे जमणार नसेल तर सरळ विजेचा किंवा सोलर घे आणि माझं पत्र इथंच मिटव.

गवंडी म्हणेल, वर व्हेंटिलेटर ठेवलाय की! त्याला हिशेब सांग. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गीझर पूर्ण आचेवर तासाला जवळपास १ किलो गॅस खातो. १ किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. तुझं न्हाणीघर चार बाय सहा, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम ६ घनमीटर. सगळं घट्ट बंद असेल तर दहा मिनिटांत आतल्या प्राणवायूचा तिसरा हिस्सा संपला. एरवी दाराखालच्या फटीतून आणि व्हेंटिलेटरच्या काचपट्ट्यांतून हवा येत राहते, म्हणून निभावतं. पण नाशिकची थंडी तुला माहीत आहे. डिसेंबरात त्याच फटीला पायपुसणं लागतं आणि काचपट्ट्यांवर पुठ्ठा चढतो. हे कुणी मुद्दाम करत नाही. गारठा लागतो, म्हणून होतं.

प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बातमीत 'गॅसगळतीने मृत्यू' असं छापतात, पण बहुतेक वेळा गळती नसतेच. सिलिंडर, नळी, रेग्युलेटर सगळं ठणठणीत असतं. एलपीजीत उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो आणि पॅसेंजर गाडीत जागा धरून बसलेल्या माणसासारखा उठायचं नाव घेत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि काय होतंय हे उमजायच्या आत पायातलं बळ जातं. कडी दोन हातांवर असते, पण तिथवर पोचता येत नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी या प्रकाराला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच दिलंय. त्यात काहींना न्हाणीघरातच झटकेही येतात, आणि मग फिट्स म्हणून भलतेच उपचार सुरू होतात.

तेव्हा गीझर बाहेरच्या भिंतीवर, मागच्या उघड्या गॅलरीत लाव आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घे. नळी लांबली तर तिच्यावर फोमचं वेष्टण चढव. न्हाणीघराच्या किंवा खोलीच्या खिडकीखाली मात्र लावू नकोस, नाहीतर धूर तिथूनच आत जाईल. वर पत्र्याचा छज्जा कर, पण तीन बाजूंनी प्लायवूड ठोकून त्याचं कपाट करू नकोस. बंद डक्टही नको. आणि 'आतच बसवू, एक्झॉस्ट फॅन लावू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. बंद दाराआड जोराचा फॅन कधीकधी गीझरचा धूरच उलटा खाली ओढतो.

आता सर्व्हिसिंग. वर्षातून एकदा पुरे, पण ते दिवाळीच्या आधी. पावसाळाभर गीझर कमी वापरला जातो आणि तेवढ्यात कुंभारमाशी आपलं काम उरकते. बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी ती मातीचं इवलंसं घर लिंपते. तिथून गॅसबरोबर हवा शिरायची असते. एका नळीचं तोंड बुजलं की तेवढी ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, आणि ती काजळी वरच्या तांब्याच्या पातळ पात्यांमध्ये जाऊन बसते. पाती तुंबली की धुराला वर जायला वाट उरत नाही, मग उरलेल्या ज्योतीही पिवळ्या. मेकॅनिकने नुसतं बाहेरून फडकं मारलं तर पैसे देऊ नकोस. कव्हर काढायला लाव, बर्नर बाहेर काढून ब्रशने झाडायला लाव, आणि शेजारी उभा राहा. मग गीझर पेटवून समोरच्या काचेतून ज्योत बघ. निळी, आखूड, स्थिर हवी. पिवळी टोकं लपलपत असतील किंवा कव्हरच्या वरच्या जाळीपाशी काळा डाग दिसत असेल तर तो दुरुस्त होईस्तोवर वापर बंद.

दोन चाचण्या तुझ्या तुलाच करता येतील, महिन्याला कर. पाण्याचा नळ बंद केला की ज्योत तिथल्या तिथे विझली पाहिजे. रेंगाळली तर आतला रबरी पडदा कडक झालाय किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह अडकलाय. दुसरी चाचणी: गीझर चालू असताना रेग्युलेटर बंद कर. ज्योत जाईल, थोडा वेळ टिकटिक होईल आणि मग थांबली पाहिजे. पेटताना 'भप्प' असा आवाज येत असेल तर ठिणगी उशिरा पडतेय आणि तोवर गॅस साचतोय. बहुतेकदा दोष सेलचा असतो. दोन मोठे सेल हिवाळ्याआधी बदलून टाक, चालत असले तरी.

तुझ्याकडे बोअरचं पाणी आहे. क्षार धरून तांब्याची नळी आतून अरुंद होते, पाणी कमी आणि कढत येतं, आणि तापमानाचा सेन्सर गीझर बंद पाडतो. इथं काही मेकॅनिक सेन्सरच्या दोन वायरी पिळून जोडून टाकतात. गिऱ्हाईक खूश, गीझर चालू! अशा वायरी जोडून देणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नकोस. नळीतले क्षार काढून घे आणि बदललेला भाग हातात माग. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणाऱ्या टायमरलाही कुणाला हात लावू देऊ नकोस.

गॅसची नळी जाळीवाली केशरी सुरक्षा नळीच घे. तारीख तिच्यावर छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. सांधे साबणाच्या फेसाने तपास, काडी ओढून नव्हे. सिलिंडर बाहेर, उभा आणि जमिनीच्या पातळीवर ठेव. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. कंपनी कुठलीही घे, आयएसआय मार्क आणि भारतीय मानक १५५५८ एवढं बघ, आणि सर्व्हिसवाला गावात आहे ना, ते विचार.

न्हाणीघरांच्या दारांना बाहेरून नाणं घालून उघडता येईल अशी कडी बसव. तिन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव. दुकानदार एलपीजी गळतीचा अलार्म गळ्यात मारेल. तो वेगळा, त्याचा इथं उपयोग नाही.

मुलींना समोर बसवून एवढं सांग: अंघोळीनंतर डोकं दुखतंय, मोकळ्या हवेत बरं वाटतंय, असं दोनदा झालं तर ते पित्त समजायचं नाही, तुला फोन करायचा. कुणी आत पडलीच तर दार उघडून आधी तिला बाहेर काढायचं, मग गॅस बंद, मग १०८. दवाखान्यात पहिलं वाक्य 'गॅस गीझर चालू होता' हे असायला हवं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवतं आणि सगळे निर्धास्त होतात. त्याला रक्तातला हा वायू प्राणवायूपासून वेगळा ओळखता येत नाही. भरपूर ऑक्सिजन लगेच सुरू होणं हाच उपचार. गळतीचा वास आला तर मात्र १९०६ ला फोन.

राहिलं पाइप गॅसचं. तुमच्या गल्लीत खोदकाम सुरू झालंय म्हणतोस. जोडणी मिळाली की हेच गीझर त्यावर लावायचा मोह होईल. एलपीजी सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा गॅस साधारण २१ ने, आणि त्याची उष्णताही कमी, म्हणून जेटची भोकं मोठी लागतात. ड्रिल मारून ती मोठी करून देणारे भेटतील. तसं करू देऊ नकोस. कंपनीचे जेट मिळाले तर ठीक, नाहीतर एलपीजीचे गीझर विकून टाक आणि पाइप गॅसचेच घे. गॅलरीचे फोटो काढून पाठव, खिडक्या कुठे येतात ते दिसू दे. तोवर भिंतीला भोक पाडू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका