बांधावरची सायकल

फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या मुखाशी कामार्ग नावाचा सपाट, पाणथळ मुलूख आहे. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ खारी सरोवरं आणि मधून 19 व्या शतकातला बांध. त्यावर मोटारींना मज्जाव. जायचं ते पायी किंवा सायकलने. चढ-उतार नाहीत, पण मिस्त्राल नावाचा इथला जोरदार वारा सुटला की पायांची कसोटी लागते. शेजारी रोहित पक्षी डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळत असतात. त्यातून मिळणाऱ्या अन्नातूनच त्यांना गुलाबी रंग मिळतो. 1927 पासून इथलं निसर्गधन राखीव आहे. माणूस वेग आवरतो, तेव्हा पाखरांना निर्धास्त चरता येतं. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीत, उजनीच्या जलाशयावरही रोहित येतात. तिथे जाताना आपणही आवाज आणि वेग दोन्ही कमी ठेवू या.