सुधारलेला आवाज

आपलाच आवाज परका वाटावा, हा अनुभव ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या प्रत्येकास पहिल्या वेळीं येतो. त्याचें कारण गूढ नाहीं. गातांना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनीं पोंचतो : हवेंतून कानांत, आणि कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णांत. हाडांची वाट खर्जाचा अंश अधिक पोंचविते, म्हणून ज्याचा त्याला आपला आवाज भरदार वाटतो. यंत्राला फक्त हवेची वाट ठाऊक. तें जो आवाज परत देतें तोच शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं जन्मभर ऐकलेला असतो. म्हणजे ज्या आवाजाचा आपण अभिमान बाळगतों तो आपल्याखेरीज कोणीं ऐकलेलाच नसतो ! हा विचार मला पन्नाशी उलटल्यावर सुचला, आणि तोहि एका फजितीमुळें.

मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. गाणें हा माझा व्यवसाय नव्हे. तरुणपणीं चार वर्षें एका गुरुजींपाशीं बसलों होतों, एवढ्या भांडवलावर, सुटींत विंचूरास आलों कीं गांवच्या भजनांत एखादा अभंग म्हणतों. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याला ज्यानें आपलें नांव दिलें तेंच हें विंचूर. यंदा भजनी मंडळानें सप्ताहापूर्वीं सर्वांना पाठविण्यासाठीं तो अभंग मुद्रित करून मागितला. पुतण्याच्या फोनवर पहिला प्रयत्न केला, तेव्हां अभंगापेक्षां आमचें माजघरच अधिक ऐकूं आलें : फरशीवर आपटून परतणारा नाद, पंख्याची घरघर, आणि ऐन अंतऱ्याला लासलगांवच्या बाजाराकडे कांदा घेऊन निघालेला ट्रॅक्टर.

यावर आम्हीं जे उपाय केले ते कोणत्याहि गृहस्थाला करतां येण्याजोगे आहेत. माजघर सोडून गाद्या-उशा ठेवण्याची लहान खोली घेतली आणि पाठीमागें व दोन्ही अंगांस दोरीवर गोधड्या टांगल्या. जाड कापूस वरच्या पट्टीचा नाद चांगला गिळतो. खर्जावर मात्र त्याची मात्रा फारशी चालत नाहीं. पंखा बंद केला, पहांटे पांचची वेळ धरली. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित् बाजूला ठेवला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ यांचा वारा थेट त्यावर आदळत नाहीं. बहुतेक मायक्रोफोनांच्या फार जवळ गेलें तर खर्ज फुगतो, फार दूर गेलें तर पुन्हां भिंतीच गाऊं लागतात. मुद्रणाची पातळी हात राखून ठेवली ; कारण वरच्या षड्जाला आवाज एकदां फाटून नोंदला गेला कीं तो मागाहून पुरता सांधतां येत नाहीं. तंबोऱ्याचा सूर हेडफोनमधून एका कानांत घेतला आणि दुसरा कान मोकळा ठेवला. एवढ्यानें माझा आवाज निराळा झाला असें नव्हे. तो प्रथमच नीट ऐकूं आला.

येथेंच थांबलों असतों तर हा निबंध लिहिण्याचें कारण पडलें नसतें. पुतण्या म्हणाला, “काका, निषाद जरा उतरतोय. ठीक करूं का?” मीं संकोचानें होकार दिला, संकोच फार वेळ टिकला नाहीं. अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन गृहस्थांनीं पूर्वीं तेलाच्या शोधासाठीं भूगर्भांतून परतणाऱ्या लहरी वाचण्याचें काम केलें होतें. त्याच जातीच्या गणितानें गाणाऱ्याचा स्वर ओळखून तो जवळच्या नेमलेल्या स्वरावर नेऊन बसविण्याची युक्ति त्यांनीं १९९७ सालीं ‘ऑटो-ट्यून’ या नांवानें बाजारांत आणली. आज तिच्या अनेक बहिणी घरोघरच्या संगणकांवर नांदतात. दहा मिनिटांत माझा निषाद जागेवर आला, श्वास पुसले गेले, शेवटच्या ओळींतला कंप नाहींसा झाला. अभंग गांवभर फिरला. वाहवा झाली, ती मीं नम्रपणें स्वीकारली.

मग तो आईला ऐकविला. तिचें वय ब्याऐंशी. दृष्टि अधू, कान शाबूत. डोळे मिटून तिनें सारा अभंग ऐकला आणि म्हणाली, “चांगला म्हणतोय. कोण रे हा?”

पुतण्या हंसला. मला हंसूं आलें नाहीं.

स्वतःचा बचाव मीं पुष्कळ केला. हा निबंध तरी मीं एका बैठकींत लिहिला आहे काय ? खोडलेले शब्द वाचकापुढें ठेवणें हें प्रामाणिकपणाचें लक्षण कोणी मानीत नाहीं. बालगंधर्वांना स्त्रीवेषांत पाहून कोणाची फसवणूक झाली ? शिवाय ध्वनिमुद्रण हें पहिल्यापासूनच कृत्रिम. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, त्या काळापासून गवयांना रागाचा विस्तार तीनएक मिनिटांत आवळावा लागला. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन येईपर्यंत त्यांना कर्ण्यासमोर तोंड धरून गावें लागे. आमच्या नाशिकलाच १९२१ सालीं जन्मलेल्या द. वि. पलुसकरांच्या त्या चिमुकल्या मुद्रिका ऐकून हें गाणें खोटें आहे असें कोण म्हणेल ?

परंतु या युक्तिवादांतील फट मला लौकरच दिसली. पलुसकरांनीं काळ आवळला, तरी त्यांतील प्रत्येक स्वर त्यांच्याच गळ्यानें लावलेला होता. लेखांतला चुकीचा शब्द मीं ओळखतों आणि मीच खोडतों. निषाद उतरला हें मात्र मला ऐकूंहि आलें नव्हतें. रंगभूमीवरील वेषांतर प्रेक्षकाला ठाऊक असतें, तिकिट काढतांनाच त्यानें तें मान्य केलेलें असतें. माझ्या श्रोत्यांना कांहींच ठाऊक नव्हतें. मग ‘यंत्रानें सुधारलेलें’ अशी चिठ्ठी जोडली असती तर भागलें असतें काय ? गांवाशीं भागलें असतें. आईशीं नाहीं. चिठ्ठी वाचूनहि तिला मी सांपडलों नसतों. दाराबाहेरून ‘आई’ म्हटलें कीं जो आवाज ती अंधारांत ओळखते, तो श्वासानें, कंपानें, किंबहुना उतरत्या निषादानेंच बनलेला आहे. श्रोत्याला खरें सांगणें हें एक कर्तव्य. पण ज्यांच्याशीं आपलें नातें आवाजानें जोडलेलें आहे त्यांना आवाज देणें हें त्याहून निराळें असावें, असें मला वाटूं लागलें आहे.

शास्त्राचा आधारहि घेऊं पाहिला. हीं यंत्रें नेमलेल्या बारा स्वरांकडे ओढतात. आपला दरबारीचा आंदोलित गंधार त्या घरांत मावत नाहीं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं बावीस श्रुतींवर १९१० सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला तो याच अस्वस्थतेपायीं असावा. पण खरें सांगावयाचें तर माझा निषाद श्रुतिभेदामुळें उतरला नव्हता. रियाजाच्या अभावीं उतरला होता. देवलांच्या आड मला लपतां येणार नाहीं.

आणि येथेंच त्या पहिल्या, न सुधारलेल्या मुद्रणाची किंमत कळली. गुरुजींच्या निधनानंतर माझी चूक दाखविणारें कोणी उरलें नव्हतें. पुतण्याच्या फोननें ती फुकट दाखविली, आणि मीं काय केलें, तर आरसा पुसण्याऐवजीं त्यावर दुसऱ्याचें चित्र चिकटविलें. तीन आठवडे पहांटे निषाद घांसला. रोज मुद्रण करून रोज ऐकलें. याहून कडक शिकवणी मला कोणीं दिलेली नाहीं. नंतर त्याच गोधड्यांच्या खोलींत अभंग पुन्हां गाइला. पंखा बंद, मायक्रोफोन वीतभर दूर, बाकी कशाला हात लावला नाहीं. निषाद पुष्कळ वर आला आहे, पूर्ण नाहीं. श्वास आहेत तेथें आहेत.

ती प्रत, पहिलीची हकीकत दोन ओळींत लिहून, मंडळाकडे पाठविली. उत्तर अद्याप आलें नाहीं. आईला ऐकविली त्या दिवशीं ती वाती वळीत बसली होती. अभंग संपेपर्यंत तिचे हात थांबले नाहींत. मग मान वर करून तिनें विचारलें, “दम लागतो का रे तुला अलीकडे?”